धारूरचा घाट आणि पुढचा ब्रेक

बीडहून परत आल्यापासून सांगलीत मला एकच प्रश्न विचारतात. "सायकल शिकवायला बीडला? तिथं कशाला गं?" आमच्याकडची माणसं सुट्टी काढून कोकणात जातात, गोव्याला जातात. धारूरला कुणी जात नाही. मीही गेले नसते. पण गेले, आठवडाभर राहिले, आणि आता भाजीवालीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना तेच ते सांगून माझं तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी गेले कशाला ते सांगते. मी सायकलिंगची प्रशिक्षक आहे, पण पहिल्या पातळीची. म्हणजे ज्यांना सायकल येत नाही त्यांना शिकवायचं, तोल, पेडल, रस्त्याचे नियम. माझ्याकडं आठवीत असताना आलेल्या चार मुली आता कॉलेजात आहेत आणि त्यांना शर्यतीत उतरायचंय. त्यांना पुढं शिकवायचं तर मला दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी अनोळखी गावात जाऊन, ज्यांना सायकल येते अशा मोठ्या माणसांना पुढची कौशल्यं शिकवायची होती. वळण नीट कसं घ्यायचं, उतार कसा उतरायचा, घोळक्यात कसं चालवायचं. शेवटच्या दिवशी परीक्षक येऊन माझा एक वर्ग बघणार. तो वर्ग फसला की वर्षभर थांबा, आणि तोवर मुली दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाती. चौघींपैकी एकीनं निघताना मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाई, पास होऊनच या हं."

युसूफ वडगाव

केजच्या स्टँडवर मिलिंद गायकवाड सर छोटा हत्ती टेम्पो घेऊन उभे होते. सर हायस्कूलला खेळाचे शिक्षक. गावातल्या नोकरदारांना, शेतकऱ्यांना गोळा करून त्यांनी सायकलींचा गट केलाय, आणि प्रशिक्षक पाठवा म्हणून अर्जही त्यांचाच. "जय भीम मॅडम! लई वाट बघायला लावलीत," म्हणत त्यांनी माझ्या सायकलीचं खोकं असं अलगद उचललं, जसं काही आत अंडी होती.

मुक्काम युसूफ वडगावात, सरांच्याच घरी. हॉटेल बघते म्हटलं तर सरांच्या पत्नी वंदनावहिनींचा चेहराच पडला, मग मी तो विषय पुन्हा काढला नाही. सकाळी त्यांनी ताटलीत सुशीला वाढली. आमच्या सांगलीत चुरमुऱ्याचा भडंग करतात, कुरकुरीत राहावा म्हणून डब्याचं झाकण घट्ट लावतात. इथं तेच चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचा कूट घालून परततात. चुरमुरे भिजवलेले बघून माझा जीव कळवळला होता. पहिला घास खाल्ला आणि दुसरी ताटली मागितली. रात्री येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. सांगलीची तिखट खाणारी मी, पण त्या आमटीनं माझ्याही डोळ्यांत पाणी आणलं. वहिनी पदराआड हसत होत्या.

शाळेच्या मैदानावर सात जण जमले. त्यात दोघांची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच घडलं. एक बळीराम अण्णा, पन्नाशीचे, शेती आणि चार म्हशी, आवाज असा की मैदानाच्या टोकावरून बोलले तरी कानाशी बोलल्यासारखं वाटावं. दुसऱ्या कविता मस्के, उपकेंद्रातल्या सिस्टर. लस घेऊन त्या वाड्यावस्त्यांवर सायकलनंच जातात. सायकली सगळ्यांच्या बऱ्या, गिअरच्या.

मी विटा मांडून वळणं आखली आणि म्हटलं, "आता दोन्ही ब्रेक दाबून थांबा." सगळे थांबले, पण मागचं चाक फरपटत. मी एकेकाची सायकल बघितली. सातच्या सात सायकलींच्या पुढच्या ब्रेकची तार सोडलेली! मूठ दाबली की नुसती लोंबकळायची.

"हे कुणी केलं?"

"आमीच की," बळीराम अण्णा अभिमानानं म्हणाले. "नवी सायकल आणली की पयलं काम त्येच. नारळ फोडायचा आन पुढचा बिरेक सोडायचा. त्यो माणूस पाडतो, मॅडम."

"मिस्त्री न सांगताच सोडून देतो," कविताताई म्हणाल्या. "माज्या सायकलीचा राहिलता. ह्यो बघा दात, बसवलेला हाय."

माझ्या अभ्यासक्रमात वळणावर नजर कुठं ठेवायची यावर पानंच्या पानं आहेत. पुढचा ब्रेकच नसलेल्या माणसांबद्दल एक ओळ नाही. मी खडूनं फळ्यावर चाकं काढली, बाण काढले, उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, हे सांगितलं. "पुढचा ब्रेक पाडत नाही," असं पाच वेळा तरी म्हणाले असेन. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बराबर हाय." "एकदम पटलं." मी खूश. माझ्यासमोर त्यांनी तारा लावूनही घेतल्या.

सांगलीत हे असं होत नाही. आमच्याकडं पटलं नाही तर माणूस तोंडावर सांगतो, वर दोन शब्द जास्तीचे ऐकवतो. इथं पाहुण्याला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

धारूर

घाट आधी नजरेखालून घालावा म्हणून आम्ही धारूरला गेलो. गाव वर, डोंगराच्या कडेला. किल्ल्याच्या पडक्या भिंतीवरून खाली बघितलं की बालाघाटाच्या टेकड्या एकामागून एक उतरत जातात आणि मग माजलगावकडची सपाट, हिरवी जमीन लागते. दिवाळी तोंडावर आली होती, डोंगरात सीताफळं पिकली होती, आणि बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. ऊस वाहणारे ट्रॅक्टर अजून सुरू झाले नव्हते, म्हणून घाट मोकळा. पण अरुंद, आणि वळणं अशी की पुढून काय येतंय ते दिसत नाही.

"पहिल्या वळणापर्यंतच, सावकाश," मी बजावलं आणि खाली जाऊन उभी राहिले.

आले सगळे. कुणी मागचा ब्रेक करकचून धरलेला, कुणी एक पाय जमिनीवर घासत. चपलेच्या टाचेचा ब्रेक! आणि सर्वांत शेवटी बळीराम अण्णा, मागचं चाक घसरत, आडवे होत, खडीवर गुडघ्यावर आपटले. हाड शाबूत होतं, फक्त सोललं होतं. मी त्यांची सायकल उचलली. पुढची तार पुन्हा सुटलेली. बाकीच्यांच्या बघितल्या. सगळ्यांच्याच! घरी गेल्यावर गुपचूप सोडल्या होत्या.

माझा पारा चढला. "काल मी घसा फोडून सांगितलं ते भिंतीला सांगितलं का? पटलं नव्हतं तर बोलायचं! माना कशाला डोलावल्या?" मी बरंच काही बोलले. सगळे खाली बघत उभे राहिले. मग त्यांच्यातल्या एकानं टोपलीवालीकडून सीताफळं आणली आणि त्यातलं सगळ्यांत मोठं माझ्या हातावर ठेवलं. रागावलेल्या माणसाच्या हातात पिकलेलं सीताफळ दिलं की त्याला ओरडता येत नाही, कारण ते फुटतं. मी गप्प बसून खाल्लं. इतकं गोड सीताफळ मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

कविताताई अण्णांच्या गुडघ्याला पट्टी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू का? राग न्हाई ना येणार?"

"बोला."

"मी लेकरांना सुया देते. 'दुखत न्हाई' म्हणलं का ते लेकरू पुन्हा माज्याजवळ येत न्हाई. 'दुखतंय, पण एवढंच' म्हणलं का हात पुढं करतंय. तुमी म्हणताव, पुढचा ब्रेक पाडत न्हाई. आमाला पाडलेलं हाय की हो. मग तुमचं बाकीचं तरी कावून खरं मानावं?"

त्या संध्याकाळी परत येताना छोट्या हत्तीत मागं बसून मी सगळा आठवड्याचा आराखडा मनातल्या मनात फाडून टाकला. दिवस मात्र कमी उरले होते.

माजलगाव

कविताताईंचं माहेर माजलगावचं. धरणाच्या खाली कालव्याकडेचा रस्ता सपाट आणि निवांत आहे, असं त्यांनीच सुचवलं. तिथं पोचले आणि मला घरचीच आठवण आली. दोन्ही बाजूंना ऊस, पाटाचं पाणी, ओल्या मातीचा वास. धारूरहून घाट उतरून खाली आलं की इतक्या लवकर सगळा मुलूख बदलतो, हे मला अजून खरं वाटत नाही.

तिथं मी पहिलं वाक्य म्हटलं, "पुढचा ब्रेक पाडतो. किती दाबला की पाडतो, ते आज बघू."

सायकलीवर बसायचंच नाही. शेजारून चालायचं, दोन्ही हात हँडलवर, आणि चालता चालता पुढचा ब्रेक दाबायचा. कचकन दाबला की मागचं चाक हवेत उठतं, अगदी डोळ्यांसमोर. हळूहळू दाबत गेलं की सायकल शहाण्यासारखी थांबते. माणूस सायकलीवर नसल्यानं पडायची भीती नाही. बळीराम अण्णांनी पहिल्याच दाबात चाक छातीपर्यंत उचललं. "आरं तिच्या! हे तर बैल उधळल्यावानी करायलंय!" म्हणून ते इतके हसले की कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायकाही बघायला लागल्या. मग तेच दिवसभर. चाक उचलायचं, नाही उचलायचं. दुपारनंतर सीटवर बसून, कंबर मागं नेऊन, दोन बोटांनी. घाबरणाऱ्याला मी घाबरू दिलं. "भीती वाटतेय?" "हाव." "मग अजून हळू." बाकी काही म्हटलं नाही.

आणि एक सवय लावली. निघण्यापूर्वी दोन्ही मुठी दाबायच्या, सायकल पुढं ढकलून बघायची, मगच पाय उचलायचा.

दुपारचं जेवण कविताताईंच्या माहेरी होतं. त्यांच्या आईनं धरणातले मासे तळले होते आणि वाढताना "घ्या, घ्या, तुमाला घाट चढायचाय" म्हणत माझ्या ताटात एवढे ढकलले की घाट सोडाच, मला उंबरा ओलांडता आला नसता. आम्ही ओळखीच्या माणसालासुद्धा दोनदाच आग्रह करतो. इथं माझं नावही नीट माहीत नसलेल्या बाईनं मला लेकीसारखं जेवू घातलं. त्यांचा हात हातात घेऊन मी "खूप बरं वाटलं" एवढंच म्हणू शकले. अजून बरंच म्हणायचं होतं.

पुढचे दिवस तिथेच, त्या रस्त्यावर. मग बाजूचा छोटा चढ, मग त्याच्यापेक्षा मोठा. तारा आता कुणी सोडत नव्हतं, मी रोज बघत होते.

पुन्हा धारूर

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी वर्गाची तयारी करत बसले होते, तेव्हा मिलिंद सर सगळ्या सायकली छोट्या हत्तीत भरून कुठंतरी गेले. माझीही नेली. "तुमी फक्त तुमचं बघा, मॅडम," म्हणाले.

सकाळी अंगणात सायकली उभ्या होत्या त्या बघून मी बघतच राहिले. धुतलेल्या, पुसलेल्या, तेल दिलेल्या, प्रत्येकीच्या हँडलला झेंडूची माळ. माझ्या सायकलीला तर दोन. केजच्या मिस्त्रीनं दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवून सगळ्यांची सर्व्हिसिंग केली होती. "परीक्षा हाय म्हणल्यावर सायकल कशी नवरीवानी पायजे," सर म्हणाले. मी सगळ्यांचे आभार मानले, सायकली पुन्हा गाडीत चढल्या, आणि आम्ही धारूर गाठलं.

परीक्षक सावंत सर घाटाच्या तोंडाशी आपल्या गाडीला टेकून उभे होते. साठीचे, कमी बोलणारे. खाली आणि मधल्या वळणांवर लाल फडकी घेऊन गटातल्यांची घरची माणसं उभी केली होती, वंदनावहिनीसुद्धा. बेत असा होता की मी पुढं, माझ्यामागं सातही जण एका ओळीत, खालच्या तिसऱ्या वळणापर्यंत उतरायचं. मी छोटंसं प्रास्ताविक केलं, त्यात सांगलीच्या चार मुलींचंही सांगितलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पाय पेडलवर ठेवला.

"थांबा!" कविताताई ओरडल्या.

त्यांनी मूठ दाबली होती. मूठ लोंबकळत होती.

मागं एकेक मूठ दाबली जाऊ लागली. आणि मग सगळा घाट दणाणून सोडणारा बळीराम अण्णांचा आवाज आला, "माजा पुढचा बिरेक कुणी सोडला बे?"

मिस्त्रीनं सोडला होता. कुणी सांगायची गरजच नव्हती त्याला. परीक्षेचा दिवस, कुणी पडू नये, म्हणून आठवणीनं, मायेनं सोडला होता. मी माझी मूठ दाबली. माझी तर तारच नव्हती. माझ्या सायकलीचा ब्रेक वेगळ्या घडणीचा, त्याला ती नुसती सोडता आली नाही, म्हणून त्यानं अख्खी काढून घेतली होती. सरांनी फोन लावला तर पलीकडून निवांत आवाज, "तार जपून ठिवलीय साहेब, काळजी करू नका."

मिलिंद सर पांढरेफटक पडले. सगळ्यांना शिकवलेली सवय मी स्वतः त्या दिवशी विसरले होते, झेंडूच्या माळा बघत. सावंत सरांनी ते पाहिलं होतं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

सातही जण तोवर खाली बसले होते. आपापल्या तारा स्वतःच्या हातानं अडकवत, ओढून बघत, चाक फिरवून बघत. मला कुणी काही विचारलं नाही. आठवड्याच्या सुरुवातीला हीच माणसं या तारा चोरून सोडत होती, हे त्या क्षणी मला आठवलं.

मी सावंत सरांकडं गेले. "सर, माझ्या सायकलीला पुढचा ब्रेक नाही. मी तपासला नव्हता. मी उतरणार नाही. गट कविताताई नेतील."

"मी?" कविताताई म्हणाल्या. "मॅडम, परीक्षा तुमची हाय."

"भीती वाटतेय?"

"हाव."

"मग हळू जा. पण जा."

त्यांनी सायकल पुढं ढकलून बघितली, पाय उचलला आणि निघाल्या. मागून एकेक करत बाकीचे, दोघांमध्ये ठरवलेलं अंतर ठेवून. मी कठड्यापाशी उभी राहिले. पहिल्या वळणाआधी कंबरा मागं गेल्या, वेग कमी झाला, नजरा वळणाच्या पलीकडं. ओळ वळणात शिरली आणि बाहेर आली. दुसरं वळण. मग तिसरं, तिथं मला फक्त अण्णांचं मुंडासं दिसत होतं, हेल्मेटखालून बाहेर आलेलं. खालून वंदनावहिनींनी फडकं हलवलं.

सगळे धापा टाकत, घामाघूम होऊन वर आले. सावंत सरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, सायकल थांबवतं कोण? काय उत्तरं मिळाली ते मला ऐकू आलं नाही. मी लांब उभी होते. मग ते गाडीत बसले, काच खाली केली आणि मला म्हणाले, "दुसऱ्या पातळीचं शिक्षण म्हणजे शिकवणारा नसताना माणूस उतरला पाहिजे. ते झालं. तुमच्या सायकलीबद्दल मी लिहिणार आहे, ते लक्षात ठेवा. कागद पुढच्या आठवड्यात येतील. सांगलीच्या मुलींना आजच सांगून टाका."

गाडी गेली. मी तशीच उभी. कविताताईंनी त्यांची सायकल माझ्यापुढं धरली. "तुमी एकट्याच उतरायच्या राहिल्यात, मॅडम. जा, उतरून या. ब्रेक मी लावलाय, चांगला लावलाय."

मी उतरले. दुसऱ्याच्या सायकलीवर, दुसऱ्यानं लावलेल्या ब्रेकवर विसंबून. तिसऱ्या वळणाच्या पुढं रस्त्याकडेला थांबले, मुलींना फोन लावला, आणि पलीकडून त्या चौघींचा आरडाओरडा ऐकताच मला रडूच कोसळलं. सायकल बाजूला आडवी टाकून मी दगडावर बसले आणि तोंड झाकून रडत राहिले.

वरून कुणीतरी ते बघितलं असावं. "मॅडम पडल्या! मॅडम पडल्या!" असा ओरडा झाला आणि सहाच्या सहा सायकली घाटात सुटल्या. मी उठून हात हलवेपर्यंत त्या तिसऱ्या वळणात आल्या होत्या. ना कुणी पाय घासला, ना कुणाचं मागचं चाक घसरलं. सगळे माझ्यासमोर ओळीत येऊन, दोन्ही ब्रेक दाबून, जागच्या जागी थांबले. मागून कविताताई हातात पट्टीचा डबा घेऊन पळत येत होत्या. आणि त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं की आपण आत्ता काय केलं.